सदाशिवरावांचा निरोप समारंभ

सदाशिवराव टिळेकरांना कुणाला नाही म्हणता येत नसे. वर्गणीवाला आला की वर्गणी द्यायची, विमा एजंट आला की विमा उतरवायचा आणि बारशाचं बोलावणं आलं की ओळख असो नसो, जेवून यायचं. असा भिडस्त माणूस चिंचवडच्या शाळेचा मुख्याध्यापक झालाच कसा, असं लोक विचारत. पण शाळा झकास चालली होती, एवढं खरं. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत पोट भरायला आलेल्या सातारा-बीडकडच्या माणसांची पोरं तिथं शिकत आणि मॅट्रिक होऊन बापाच्याच कंपनीत अप्रेंटिस लागत.

अशा चालत्या गाड्याला संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांनी खीळ घातली. त्यांनी सदाशिवरावांची बदली भीमाशंकरच्या डोंगरातल्या शाखेत केली. कागदावर कारण होतं संस्थेची सोय. खरं कारण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अण्णासाहेबांच्या जावयाला घराजवळची मुख्याध्यापकाची खुर्ची हवी होती.

एरवी सदाशिवराव मुकाट्यानं ट्रंक भरून निघाले असते. पण घरात नीलिमा होती आणि तिला सातवा महिना लागला होता. याआधी दोनदा मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी पलंगावरून पाय खाली ठेवू नका, असं बजावलं होतं. घरात तिसरं माणूस नव्हतं. डोंगरातल्या त्या गावाला पावसाळ्यात ओढा भरला की एसटी अलीकडेच थांबे, मग दवाखाना कुठला! तिला तिकडं नेणं शक्य नव्हतं आणि इथं एकटी टाकून जायला सदाशिवरावांचं मन घेईना.

"तुम्ही जा खुशाल. मी निभावून नेईन," नीलिमा रोज म्हणायची.

शेजारच्या अंबूबाईंना मात्र हे पटत नव्हतं. त्या मूळच्या चिंचवडच्या, तोंडानं फटकळ. "आमी हाय की मदतीला. पर घरचा गडी माणूस नगं व्हय जवळ? मास्तर, तुमी कोर्टात जावा."

तेव्हा जन्मात पहिल्यांदा सदाशिवराव कोर्टाची पायरी चढले. शाळेतला सोबती हरिहर पुण्याला शिवाजीनगरच्या कोर्टात वकिली करत असे. त्यानं कागद वाचले आणि चष्मा काढून सांगितलं, "शुक्रवारी दुपारी तुला कार्यमुक्त करणार आहेत. कोर्टाची तारीख सोमवारची मिळतेय, तेव्हा मी स्थगिती मागतो. तोवर चार्ज द्यायचा नाही, कशावर सही करायची नाही. एकदा खुर्ची सोडलीस की न्यायाधीश म्हणतील, गाडी सुटल्यावर हात कशाला दाखवता?"

पण अण्णासाहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी शुक्रवारी दुपारीच निरोप समारंभ ठेवला. मांडव, लाऊडस्पीकर, फोटोग्राफर, सगळा थाट. बोलावणं आलं आणि सदाशिवराव गेले! शाल अंगावर पडली, हातात नारळ आला, फोटोग्राफरनं फटाफट फोटो काढले. चार वाक्यं बोलून सदाशिवराव खाली बसले. मग अण्णासाहेबांचं लांबलचक भाषण झालं, मुलांना दुसऱ्या दिवशीची सुट्टी मिळाली, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि समारंभ आटोपला.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात हरिहरनं कपाळावर हात मारला. "अरे, शाल घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"सही नाही केली कशावर. पण शाल अंगावर घातली रे त्यांनी. ढकलून देऊ? केवढा अपमान झाला असता!"

"आता बस शाल पांघरून," हरिहर म्हणाला.

संस्थेच्या वकिलांनी फोटो न्यायाधीशांपुढे ठेवले आणि ते मोठ्या ऐटीत म्हणाले, "साहेब, अर्जदार शुक्रवारी दुपारीच कार्यमुक्त झाले. नव्या मुख्याध्यापकांनी सूत्रं घेतली. अर्जदारांनी शाल-श्रीफळ घेऊन निरोपही स्वीकारला. आता स्थगिती कशाला द्यायची?"

न्यायाधीश फोटो उलटसुलट करून बघत राहिले. पलंगावर पडलेली नीलिमा सदाशिवरावांच्या डोळ्यांपुढे आली आणि आपल्या भिडस्तपणाची त्यांना उभ्या जन्मात आली नव्हती एवढी चीड आली. एका शालीपायी आपण घर बुडवलं, असं त्यांना वाटलं.

"ही बदली आकसानं केली, असं अर्जदारांचं म्हणणं आहे," न्यायाधीश म्हणाले.

आकस हा शब्द ऐकताच मागच्या बाकावरचे अण्णासाहेब उसळून उभे राहिले. "आकस कसला, साहेब? केवढ्या मानानं निरोप दिला! मी स्वतः तासभर बोललो. मुलं खूश झाली. मी सर्वांदेखत म्हणालो, या आनंदाप्रीत्यर्थ मुख्याध्यापकांनी उद्या मुलांना सुट्टी द्यावी."

हे मात्र आपल्याकडच्या शाळांत अगदी ठरलेलं. पाहुणा भाषणाच्या शेवटी सुट्टी मागतो, मुलं ओरडतात आणि मुख्याध्यापक उठून सुट्टी जाहीर करतात. अण्णासाहेबांनी आयुष्यभर अशाच टाळ्या मिळवल्या होत्या.

"मग दिली सुट्टी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दिली की! माझा शब्द कोण मोडतो?"

"कुणी दिली?"

संस्थेचे वकील मागं येऊन अण्णासाहेबांचा कोट ओढत होते. पण अण्णासाहेबांनी हात लांब करून सदाशिवरावांकडे दाखवलं. "यांनीच. लगेच उठून जाहीर केली."

"शनिवारी शाळा बंद राहिली?"

"कडकडीत."

"आणि ज्यांनी दुपारी सूत्रं घेतली ते नवे मुख्याध्यापक कुठं होते?"

"पहिल्याच रांगेत होते, साहेब. टाळ्या वाजवत होते."

कोर्टात खसखस पिकली. आपण काय बोलून बसलो ते अण्णासाहेबांना तेव्हा उमगलं आणि ते मटकन खाली बसले. न्यायाधीशांनी हसू मिशीत दाबलं. ते म्हणाले, "समारंभ संपेपर्यंत शाळेचे मुख्याध्यापक कोण होते, हे अध्यक्षांनीच सांगितलं. शाल दिली म्हणून चार्ज दिला, असं होत नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत बदलीला स्थगिती."

बाहेर आल्यावर सदाशिवरावांनी हरिहरचा हात धरला. "निकाल कधी लागेल रे?" त्यांनी घाबरत विचारलं.

"आपल्या कोर्टात? तोवर तुझं बाळ मॅट्रिक होईल," हरिहर म्हणाला आणि त्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

चिंचवडला उतरून सदाशिवराव जवळजवळ धावतच घरी आले. अंबूबाई नीलिमाच्या उशाशी बसल्या होत्या. सदाशिवरावांचा चेहरा पाहून त्या काही न विचारता उठल्या आणि पदर सावरत आपल्या घरी गेल्या.

"कुठं जायचं नाही," सदाशिवराव म्हणाले.

"पुन्हा सांगा," नीलिमा म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली नीलिमा उशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. सदाशिवराव पलंगाच्या कडेला बसून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"मी खोटं बोलत होते हो," ती शेवटी म्हणाली. "एकटीनं निभावणं मला कुठलं जमतंय? तुम्ही शाळेत गेलात की मी भिंतीकडं तोंड करून पडायचे. फार भीती वाटायची."

"मग तसं सांगायचं नाहीस का मला?"

"कसं सांगू? मी नुसतं राहा म्हटलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आला असतात. मग तिघांनी खायचं काय?"

"दिलाच असता," सदाशिवराव म्हणाले आणि त्यांनाही रडू आवरेना.