खांद्याचा व्यायाम

डॉक्टरांनी आईचा उजवा हात कोपराशी धरून हळूहळू वर उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. आई कळवळली.

"प्लेट छान बसलीय, हाडही जुळलंय," एक्स-रे उजेडापुढे धरत डॉक्टर म्हणाले. "पण सांधा आखडलाय. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करता ना, आजी?"

ऑपरेशन झाल्यापासून आईने भिंतीला बोट लावलं नव्हतं. जिन्यात घसरून खांद्यापाशी हाड मोडलं, तेव्हा लेक नेसत्या कपड्यांनिशी धावत आली होती आणि कित्येक वर्षांनी घरात दोन माणसांचं बोलणं ऐकू येऊ लागलं होतं. वेणी घालताना लेक चिडवायची, "केस उरलेत चार आणि नखरे शंभर!" हात बरा झाला की ती जाणार, हे आई ओळखून होती. म्हणून व्यायाम केल्याच्या थापा मारायची आणि पोरीला कसं गंडवलं म्हणून मनातल्या मनात खूश व्हायची.

आताही थाप मारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात लेकच म्हणाली,

"रोज करते, डॉक्टर. मी समोर उभी राहून करून घेते."

आई तिच्याकडे बघतच राहिली. लेक मान खाली घालून आईच्या हाताच्या झोळीची गाठ सारखी करत होती.

"मग आणखी जोर लावा," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर हात कायमचा असाच राहील."

परतताना आईला एकेक आठवू लागलं. व्यायाम कर, असं लेक एकदाही म्हणाली नव्हती. फळीवरचा डबा काढायला आईने हात उचलला, की "राहू दे, मी आहे ना" म्हणत पुढे यायची. आणि जावयाचा फोन? तो तर कधी आलाच नव्हता. त्याचा विषय काढला की लेकीला काहीतरी काम आठवायचं. आपल्याच सुखात आपल्याला हे दिसू नये, याची आईला लाज वाटली. लेकीसाठी तिचा जीव तुटला.

घरी येताच लेक चहा टाकायला गेली. आईने झोळी काढली, भिंतीशी उभी राहिली आणि बोटं वर चढवू लागली. बोटं छातीपाशी पोचली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

कप घेऊन आलेली लेक दारातच थबकली. तिचा चेहरा पडला.

"एवढी घाई कशाला, आई? होईल हळूहळू बरा."

"लवकर होऊ दे," दात आवळत आई म्हणाली. "हात बरा झाला म्हणून तुला कोण जा म्हणतंय?"

लेकीने कप खाली ठेवला. मागे येऊन तिने आईच्या कोपराला आधार दिला. आईने वळून पाहिलं नाही. तिने बोटं आणखी थोडी वर सरकवली.