साखर विरघळवणारं पाणी

तळ्याकाठच्या तंबूंच्या तळावर त्या सकाळी सगळे दात घासायचे सोडून एका झाडाखाली जमले होते. फांदीला शॉवर टांगलेला, खाली पाण्याची बादली, बादलीशेजारी उन्हात डब्याएवढा बॅटरीवरचा पंप आणि पंपासमोर मांडी घालून बसलेले जलगुरू. शॉवर बंद पडला होता. त्याखाली निवृत्त पोस्टमास्तर डोकंभर साबण लावून, डोळे मिटून उभे होते. भक्तीने नव्हे, साबण झोंबत होता म्हणून.

"पाणी रुसलंय," जलगुरू म्हणाले. "इथे कुणाच्या तरी मनात संशय आहे."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. सुट्टीत नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन इथे आल्या होत्या. पंपही त्यांच्याच घरचा, नवऱ्याने हौसेने घेतलेला. आल्या आल्या तो बंद पडला. नवऱ्याने बटणं दाबली, नळी झटकली, शेवटी एक लाथही घातली. तेवढ्यात शेजारच्या तंबूतले पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ आले. त्यांनी गळ्यातला पंचा तळ्यात भिजवला, पंपाला गुंडाळला आणि 'हूं' असा लांबलचक सूर लावला. बऱ्याच वेळाने पंप घरघरला आणि धार सुरू झाली. तेव्हापासून ते गृहस्थ जलगुरू झाले आणि बाईंचा नवरा त्यांचा बादलीसेवक. घरी पाण्याचा पेलाही जागेवर हातात लागणारा हा माणूस आता तळ्यावरून बादल्या वाहत होता.

आताही पंचा गुंडाळला गेला, सूर लागला आणि यथावकाश पाणी आलं. लोकांनी हात जोडले.

"पाण्याला सगळं आठवतं," जलगुरू सांगू लागले. "तुमचा गेला जन्मसुद्धा."

"मग माझा टॉवेल कुठे राहिला तेही विचारा," पोस्टमास्तर साबण धूत म्हणाले.

इथवर बाईंनाही गंमत वाटत होती. पण जलगुरूंच्या शेजारी एक कापडी पिशवी असायची. जागृत पाण्याने अंघोळ करणाऱ्याने आपली औषधं त्या पिशवीत सोडायची, हा त्यांचा नियम. पोस्टमास्तरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात गेल्या होत्या. दुपारी सासूबाईंना तंबूच्या दाराशी भोवळ आली. त्यांना मधुमेह होता. बाईंनी त्यांना सावरून आडवं केलं, यंत्राने रक्तातली साखर तपासली, तर आकडा नेहमीच्या दुपटीवर गेलेला.

"आई, गोळ्या घेताय ना?"

"पिशवीत सोडल्या," सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "साखर पाण्यात विरघळते म्हणाले ते. तूच तर पोरांना शिकवतेस."

"मी चहातल्या साखरेबद्दल शिकवते, आई."

"सारखी तहान लागते, सारखं जावं लागतं. ते म्हणतात, साखर बाहेर पडतेय."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "अगं, पण पंप तर त्यांच्याच हाताने चालू होतो ना?" पण आईचा चेहरा पाहून त्याने हातातली बादली खाली ठेवली.

"आधी आईंची गोळी आणा. मग पंपाचं बघू."

जलगुरू वामकुक्षीत होते. नवऱ्याने हळूच गोळी आणली, बाईंनी फोनवर डॉक्टरांना विचारून ती दिली आणि सासूबाई पडून राहिल्या. मग बाई झाडाखाली जाऊन बसल्या आणि पंप चालू करून नुसत्या बघत राहिल्या. बॅटरी भरलेली, नळीला कुठे पीळ नाही. पण धार बारीक आणि पंप कण्हत चाललेला. थोड्या वेळाने तो बंद पडला. बाईंनी त्यावर हात ठेवला आणि चटकन उचलला. डबा तव्यासारखा तापला होता. बादलीतली नळी वर काढली तर तिच्या टोकाची गाळणी शेवाळ आणि केसांनी गच्च भरलेली. बाईंनी ती खरवडून धुतली. पंप गार झाल्यावर लावला, तर धार अशी सुटली की नवरा कपड्यांसकट न्हाला. आणि पंप काही केल्या बंद पडेना.

संध्याकाळच्या दर्शनाला जलगुरूंची पंचाईत झाली. जिवंत करायला पंप आधी मरायला हवा. हा आपला चालतोच आहे. जलगुरूंनी आठवणी सांगितल्या, पापांचे प्रकार सांगितले, घसा कोरडा पडला.

"आज पाणी प्रसन्न आहे," ते शेवटी म्हणाले.

"मी रुसवते," बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा मोजा गाळणीवर चढवून घट्ट बांधला. धार बारीक झाली, पंप कण्हू लागला आणि थोड्या वेळाने गप्प झाला. "आता प्रत्येकाने हात लावून बघा."

पोस्टमास्तरांनी लावला. "अहो, हा तर भाजतोय."

"पाणी ओढताना दम लागला की हा तापतो. तापला की जळू नये म्हणून स्वतःच थांबतो. गार झाला की पुन्हा चालतो. ओल्या पंच्याने लवकर गार होतो, एवढंच."

"मंत्राशिवाय सुरू करून दाखवा," जलगुरू म्हणाले.

बाईंनी मोजा काढला, भांडी पुसायचं फडकं भिजवून पंपावर टाकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मंत्र नको. पाढे म्हणा, अकरापासून."

नवरा म्हणू लागला. हसत हसत लोकही म्हणू लागले. सतराच्या पाढ्यात गाडी अडखळली.

"सतरा साते एकशे सव्वीस," नवरा ठासून म्हणाला, आणि पंप घरघरून सुरू झाला.

"उत्तर चुकलं," बाई म्हणाल्या. "तरी पाणी आलं. म्हणजे पाढ्यांनीही काही केलेलं नाही."

हशा ओसरल्यावर जलगुरू पंचा पिळत हळूच म्हणाले, "माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं. असे पंप रोज हातात यायचे. गिऱ्हाइकांनी कधी हात जोडले नाहीत."

"पंप चालू करायचात तोवर ठीक होतं," बाई म्हणाल्या. "गोळ्या का बंद केल्यात? आई आज हातची गेली असती."

जलगुरूंनी पिशवी पुढे सरकवली. लोक आपापल्या गोळ्या शोधू लागले, तसा बाईंनी आवाज चढवला. "नाव वाचून घ्या. एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात नको. आणि यापुढे काही अद्भुत दिसलं, तर हात जोडण्याआधी हात लावून बघा. कशाने झालं ते विचारा. आजाराचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, मला नको आणि पंपालाही नको."

तंबूत सासूबाई उठून बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे आता अंघोळीला तू रोज पाढे म्हणणार?"

"नाही आई," बाई म्हणाल्या. "तुमचा मुलगा रोज गाळणी धुणार."