तांब्याची पाचर

तोगावाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं, हे आमच्या ओसाफुने गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही दोघे एकाच गुरूचे शिष्य, जुन्या तलवारींवर नवा साज चढवणारे. गुरुजी मला म्हणायचे, "किनुगासा, नजर तुझी, पण हात तोगावाचा." गुरुजी जाऊन वीस वर्षं झाली, ते वाक्य काही गेलं नाही.

त्या रविवारी देवळाच्या ओसरीवर तलवारपारख होती. म्हातारे वाकिसाका पंचाची जागा सोडणार होते. ज्याची चिठ्ठी अचूक, तो नवा पंच. हात नसेना का, नजरेची जागा तरी माझीच, असं मी धरून चाललो होतो.

समोर एक जुनी तलवार सुटी करून मांडली होती. मूळचं काय, मागाहून बसवलेलं काय, दुरुस्ती कुणाच्या हातची, ते लिहायचं. पातं जुनं, मूठ नवी, एवढं झटकन कळलं. मग मुठीपुढची लोखंडी चकती उचलली. ती दुसऱ्याच तलवारीची. भोक या पात्याला मोठं, म्हणून दोन्ही टोकांना तांब्याच्या पाचरी ठोकलेल्या. पद्धत आमच्या गुरुजींची, म्हणजे काम आम्हा दोघांपैकी एकाचं. आणि एक पाचर हलत होती.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हे काम मी केल्याचं आठवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आठवून बघायची इच्छाही नव्हती. लिहिलं: 'पाचरी तोगावाच्या. घाईचं, अडाणी काम. चांगल्या चकतीचं वाटोळं केलं.'

वाकिसाकांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "शाईत मिरची कालवली होती का रे?"

लोक हसले. तोगावा खाली मान घालून सुकवलेलं पर्सिमनचं फळ चघळत होता. माझ्या मते, लाजेनं.

वाकिसाकांनी बांबूच्या काडीनं सैल पाचर बाहेर ढकलली आणि उलटी केली. पाचर बसवण्याआधी तिच्या आतल्या बाजूला आपली खूण ठोकायची, हा गुरुजींचा नियम. तोगावाचे दोन ठिपके, माझे तीन.

"तीन," वाकिसाका म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग त्यांनी तोगावाची चिठ्ठी उघडली. 'पाचरी किनुगासाच्या, शिकाऊ दिवसांतल्या. एक सैल झाली आहे. पण तांब्याला त्यानं जो लोखंडाचा रंग आणला आहे, तो मला अजून साधलेला नाही.'

पंचाची जागा तोगावाला गेली. लोक उठले, तसा तो चहाचे दोन पेले घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला.

"रंगावरूनच ओळखलं रे मी. तेव्हा फार जळलो होतो तुझ्यावर. कसा आणला होतास?"

मी पाचर हातात घेऊन पुन्हा पाहिली. रंग खरंच सुरेख होता. कसा आणला, ते मला काही केल्या आठवेना.

"नाही सांगणार," मी म्हणालो.