टाकीतलं तीर्थ

"रक्त! देवीनं रक्त दाखोलं!"

पितळेच्या ताटातलं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लालभडक झालं आणि मोटारीभोवती जमलेल्या पन्नास-साठ माणसांनी एकदम हात जोडले. एकाने तर भर रस्त्यात, धुळीत, लोटांगण घातलं. बुवांनी तसं विशेष काही केलं नव्हतं. कमंडलूतलं तीर्थ ताटात ओतलं होतं आणि वर चिमूटभर हळद टाकली होती. एवढंच. पण पिवळी हळद लाल झाली, म्हणजे देवी कोपली, हे सांगायला कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

लोणारहून चिखलीला निघालेली सकाळची मोटार टेकडीच्या अर्ध्या चढावर बंद पडली होती. महिन्यातली ही तिसरी खेप. टेकडीच्या पायथ्याशी या बुवांचं ठाणं; मोटार अडली की ते चेल्यांसह वर येत. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते नुसते बुवा होते. या वाटेवर मोटार सुरू झाली आणि ते मोटारबुवा झाले. प्रत्येक मोटारीने पायथ्याशी थांबायचं, पुढच्या चाकावर नारळ फोडायचा, आणि मग बुवा स्वतःच्या हाताने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत तीर्थ सोडायचे. "मोटारीलेबी पोट असते रे बाप्पा! तिनं काऊन उपाशी राहावं?" रिकाम्या मोटारीला पळीभर तीर्थ मिळे, आणि ती सुखरूप चढून जाई. बाजाराच्या दिवशी भरून आलेल्या मोटारीला तांब्याभर मिळे, आणि ती हमखास अडे. देवीला गर्दी बरोबर ओळखता येत होती.

मोटारीत, बायकांच्या बाकावर, शालू आपल्या तानीला छातीशी धरून बसली होती. तानी आठ महिन्यांची. तीन दिवस जुलाब. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडायचंही त्राण नाही. शालू दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोट नेऊन श्वास बघत होती. नवरा खामगावला नोकरीवर. चिखलीच्या दवाखान्यात जायचं हे शालूने एकटीने ठरवलं होतं आणि सासूबाई, मनकर्णाबाई, नाइलाजाने सोबत आल्या होत्या. पायथ्याशी मोटार थांबली तेव्हा त्यांनीच उतरून बुवांना नातीचं दुखणं आणि नागपूरच्या शिकलेल्या सुनेचा हट्ट सांगितला होता आणि अंगारा आणला होता.

आता तेच दुखणं बुवांच्या तोंडून देवीची वाणी होऊन परत आलं.

"गाडी अडली नाई, मी अडोली!" बुवा घुमू लागले. "चाक माह्यं! भोंगा माह्या! इंजनाच्या सोळा शक्ती, पंधरा माह्या मुठीत! ह्या गाडीत एक लेकरू हाये. तीन दिसाचा झाडा लागेल. त्याच्या पोटात चेड्याचं भूत बसलं. चेड्याच्या वजनानं गाडी चढून नाई राह्यली! पोटाले तीन डाग द्या. लेकरूबी बरं, गाडीबी बरी!"

"ऐकलं का सूनबाई?" मनकर्णाबाईंनी हात जोडले. "न सांगता वळखलं त्यायनं!"

"तुम्हीच सांगितलंत ना, आत्याबाई, मघाशी."

"म्या झाडा म्हणलं. चेडा कुठी म्हणलं?"

बुवांचा चेला कडूबा रस्त्याकडेला गोवऱ्या पेटवून बसला होता. त्यात विळा खुपसलेला. उतरायला दार एकच, आणि दारात बुवांची माणसं. चिखली अजून कितीतरी लांब. उन्हात लेकरू घेऊन चालत जाणं म्हणजे वाटेतच... पुढचं तिने मनात येऊ दिलं नाही. आतल्या माणसांनाही घाई होती. कुणाचा कापूस पुढे बाजारात गेलेला, कुणाची कोर्टात तारीख.

"ओ बाई, द्या ना लेकरू! तीन चटके, संपलं!"

"आमच्या गावात सगळ्या पोरायले देतात. मेलं का कोनी?"

मेलेली कुणी मोजत नाही, शालूच्या मनात आलं. तेवढ्यात मनकर्णाबाईंनी तानीला तिच्या मांडीवरून उचललं. हिसकावून नाही, हळूच. तेच जास्त भयंकर होतं.

आणि घाबरलेल्या माणसाच्या मनात भलतंच काहीतरी यावं तसं शालूला आठवला तो घरचा कंदील. दिवाळीत दुकानदाराने घासलेटात पाणी घातलं होतं. ज्योत नीट जळायची, मग तड्‌, तड्‌, फुस्स्‌, आणि अंधार. मोटारही मघाशी तशीच बंद पडली होती. धडकन नाही, आधी खोकली, झटके दिले, मग गप्प झाली.

ती दारातल्या माणसांना "सरका" म्हणाली. डाग द्यायलाच उतरतेय असं वाटून ते सरकले. मोटार चालवणारा वाहेद पुढच्या चाकाशी पाठ टेकून उभा होता.

"वाहेदभाई, टाकीत पाणी गेलं की मोटार अशीच थांबते ना?"

वाहेदने आधी गर्दीकडे पाहिलं, मग टेकडीकडे. "तुम्ही म्हणून राह्यल्या, बाई. मी कायी म्हणलो नाई."

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मले पयल्या खेपेपासून ठाऊक हाये," तो ओठ न हलवता म्हणाला. "पन मी झाकन धरलं, तं उद्या म्हनतीन, वाहेदनं देवीचं तीर्थ नाकारलं. मंग मोटारीचं राहू द्या, माह्यं घर कोन वाचवीन? टाकीखाली पाणी सोडाची चावी हाये. पाणी जड, ते तळाले जाते. कडूबा दर खेपेले चादर टाकून खाली घुसते, मंतर म्हनते, अन् चावी खोलते. आधी मोटारीवर हाताखालचा किलिंडरच होता तो."

शालूने वळून पाहिलं. भगव्या छाटीच्या कडूबाच्या कमरेला, जपमाळेच्या शेजारी, लोखंडी पाना लोंबत होता.

"पाटील!" ती ओरडली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. पुढच्या बाकावर बसणारे हिंमतराव पाटील एव्हाना खाली उतरून बुवांच्या पाया पडून उभे होते. सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. "पाटील, मोटार देवीनं नाही, पाण्यानं अडवली आहे. टाकीत पाणी आहे. मी दाखवते."

"शिकेल सून!" बुवा हसले. "नागपूरची! देवीले इंग्रजी शिकवाले आली!"

गर्दी खदखदली. हिंमतराव हसले नाहीत, पण म्हणाले, "दाखव. अन् नाई दिसलं, तं लेकरू बुवाच्या हाती. कबूल?"

विळ्याचं टोक लाल झालं होतं. "कबूल," ती म्हणाली.

तिच्याजवळ काचेची एकच बाटली होती, तानीची. तळाशी उकळून गार केलेलं दोन घोट पाणी उरलं होतं. ते तिने आधी तानीला पाजलं. मागोमाग उतरलेल्या सासूबाईंच्या हातात असतानाच. मग बाटली पुसून मोटारीखाली वाकली. वाहेदने पान्याने चावी ढिली केली. अर्धी बाटली भरली.

सगळे पुढे सरसावले. बाटलीत होतं गढूळ, पांढुरकं काहीतरी. सगळं एकच.

"कुठी हाये पाणी?" बुवा गरजले. "आण वं लेकरू!"

शालूने बाटली उन्हात धरली. हात थरथरत होता. थरथरला की आतलं ढवळत होतं. तिने कोपर मोटारीच्या पत्र्यावर टेकलं आणि श्वास रोखला. कडूबा विळा घेऊन उठला. मनकर्णाबाई एक पाऊल पुढे आल्या.

मग बाटलीत, मधोमध, एक रेघ उमटली. आधी पुसट, मग सुरीने कापल्यासारखी. वर पेट्रोल, खाली पाणी. तळाशी अंगाऱ्याची राख आणि तुळशीचं एक पान.

"आरं बाप्पा," कुणीतरी म्हणालं.

"दुकानदारानं भेसळ केली असंन!" बुवा घाईने म्हणाले. "आजकाल कोनाचा भरोसा हाये?"

"अंगारा घालून?" शालूने बुवांच्याच पुडीतली चिमूटभर हळद घेऊन बाटलीत टाकली, बूच लावलं, हलवली आणि पुन्हा थांबली. खालचं पाणी लाल झालं. मग एका बाईच्या तांब्यातलं विहिरीचं पाणी हातावर घेऊन त्यातही हळद टाकली. पिवळी ती पिवळीच. ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, लुगड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला, तर काय होतं?"

मनकर्णाबाईंनी बाटलीतला लाल रंग निरखला. आयुष्यभर त्यांनी धुणं धुतलं होतं.

"लाल होते," त्या सावकाश म्हणाल्या. "लालभडक होते. आन् आपल्या लोणारच्या तळ्याचं पाणी... खाराचं. साबणासारखंच." त्यांनी बुवांकडे पाहिलं. "मुडद्या! तळ्याचं पाणी दाखवून माह्या नातीले डागत होता काय?"

बायकांत हसू फुटलं आणि ते पुरुषांच्या रागाहून लवकर पसरलं. हिंमतरावांनी कमंडलू उचलून बुवांपुढे धरला. "घ्या. देवीचं तीर्थ हाये ना? पयला घोट तुमचा."

बुवांनी ओठ मिटून घेतले.

"मले तं फकत खालची चावी खोलाचं काम होतं, पाटील," कडूबा रडकुंडीला येऊन म्हणाला. "गाडी चालू झाली का हे म्हनत, देवी सुटली."

विळा त्याच्या हातातून खाली पडला होता. मनकर्णाबाईंनी हिंमतरावांच्या हातातला कमंडलू घेतला आणि तापलेल्या विळ्यावर पालथा केला. चर्र झालं. त्या बाईच्या हातून घडलेली ती सगळ्यात मोठी पूजा होती.

वाहेदने टाकी तळापासून रिकामी केली, नळी फुंकून साफ केली, डब्यातलं पेट्रोल भरलं. तिसऱ्या हँडलला मोटार खणखणीत बोलू लागली. वाटेभर मनकर्णाबाई उकळलेल्या पाण्यात पदराचं टोक बुडवून तानीच्या ओठांवर पिळत होत्या. ते पाणी हिंमतरावांनी पुढच्या गावात मोटार थांबवून मागितलं होतं, आणि "उकळेल पाह्यजे बरं का!" असं दोनदा बजावलं होतं.

चिखलीच्या डॉक्टरांनी तानीला सहा दिवस ठेवून घेतलं. "अजून अर्धा दिवस उशीर झाला असता, तर," एवढंच ते म्हणाले. तानी वाचली. तिच्या पोटावर आज एकही डाग नाही. त्या बाटलीचा वास मात्र कधीच गेला नाही. तिच्यात पुन्हा दूध घालता आलं नाही.

लोकहो, तीर्थाला कुणी वाईट म्हणत नाही. ते तळहातावर घ्या. पण टाकीत पेट्रोलच घाला, आणि लेकरू आजारी पडलं तर त्याला विळ्याकडे नाही, दवाखान्यात न्या. तुमच्याही गावच्या चढावर एखादा बुवा बसलेला असेल. त्याच्या चमत्कारातली अर्धी बाटली मागून घ्या, उन्हात धरा, आणि हात स्थिर ठेवा. गर्दी ओरडेल, घाई करेल. घाई करू नका. थोडा वेळ थांबलात की रेघ दिसते.