जाळाचं कशानं?

पवनारजवळचं निसर्ग शिक्षण केंद्र रूपराव आणि आनंदाबाई या नवरा-बायकोनं मिळून चालवलं. रूपराव शिकवायचे ते कीर्तनकार बुवांसारखं. पूर्वरंग लिंबाखाली, उत्तररंग शेणखताच्या खड्ड्यापाशी. आनंदाबाई मागे टाळ घेऊन ध्रुपद धरायच्या, "झाड जंगलाचं, शेण वावराचं, दोन्ही जाळाचं नाई!"

आज सकाळी रूपराव गेले. त्याच लिंबाखाली त्यांना ठेवलं होतं. आनंदाबाई शेजारी बसल्या होत्या, पण रडू येत नव्हतं. दुसऱ्याच कोणाच्या घरी बसायला आल्यासारखं वाटत होतं.

धाकटा दीर कैलास म्हणाला, "वयनी, लाकडं आणाले जातो."

"लाकडं नाई. त्यायले चालत नाई."

"मंग गोवऱ्या?"

"त्याही नाई चालत."

"मंग दादाले जाळाचं कशानं? तुमच्या ध्रुपदानं?"

आनंदाबाईंनी सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. अशा पेचातून तेच हसत वाट काढत. आज बुवा गप्प होते.

तेवढ्यात गावातली सखू डोक्यावर टोपलं घेऊन आली. तिच्यामागे आणखी बाया होत्या. सगळ्यांच्या टोपल्यांत गोवऱ्या.

"रूपरावभाऊ येतानी दिसले का आमी ह्या कोठ्यात लपवत होतो," सखू मान खाली घालून म्हणाली. "आता कोनाले भेवाचं, बाई?"

ध्रुपद आनंदाबाईंच्या ओठांपर्यंत आलं आणि थांबलं. पुढे बुवाच नाही, तर मागून धरायचं काय?

त्यांनी एक गोवरी उचलली, अंगठ्यानं दाबून पाहिली.

"वाळली हाये," त्या म्हणाल्या. "रचा."