तळं मेलं

"मेलं काय? आटलंय म्हण की!" चाक सोडून मी ओरडलोच. लेक ओट्यावर बसून शाळेसाठी लिहिलेली गोष्ट वाचून दाखवत होती, आणि पहिलंच वाक्य होतं, 'आमचं तळं मेलं.' अहो, मी कुंभार माणूस. दर उन्हाळ्यात तळं आटतं तेव्हाच आतली चिकणमाती हाती लागते. त्या दोन महिन्यांच्या मातीवर वर्षभर घर चालतं. मेलं म्हणे!

"बाबा, गोष्टीत असंच लिहितात. बाई म्हणाल्या, वाचणाऱ्याच्या काळजाला घरं पडली पाहिजेत. तरच पोरं तळ्यात कचरा टाकायची थांबतील."

"तुझ्या बाईंना सांग, जित्याला मेलं म्हणू नये."

"तुम्ही मातीचं बघा, मी शब्दांचं बघते."

तोंड बघा पोरीचं! आईवर गेलीय.

पण खोटं कशाला बोलू, शाळेच्या अंगणात तिनं गोष्ट वाचली तेव्हा पहिल्या टाळ्या मीच वाजवल्या. पुस्तकाला कधी हात न लावणारी टारगट पोरं दुसऱ्या दिवशी घमेली घेऊन तळ्यात उतरली. पिशव्या, बाटल्या, फाटक्या चपला, सगळं उपसून काढलं. बाईंनी हौसेनं गोष्ट छापून घेतली, घरोघर वाटली.

महिन्याभरात तालुक्याहून मोठे साहेब आले. तळं बुजवून गोदाम बांधायचंय, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणाले. आम्ही झाडून सगळे उठलो. साहेबांनी शांतपणे फायलीतून तीच छापील गोष्ट काढली आणि मोठ्यानं वाचली. "आमचं तळं मेलं. तिथे आता पाणी नाही, पाखरू नाही." मग आमच्याकडे बघून म्हणाले, "तुमच्याच शाळेनं छापलंय. मेलेल्याला काय राखायचं?"

"साहेब, मी कुंभार. माझ्या पोरीची गोष्ट आहे हो ती," मी म्हणालो.

"म्हणजे पोरीनं खोटं लिहिलं?"

चारचौघांत पोटच्या पोरीला खोटारडी कसं म्हणू? तेवढ्यात तीच उभी राहिली.

"हो, खोटं लिहिलं मी. पावसाळ्यात भरतं ते. बगळे येतात."

साहेब हसले. "बघा! बापाच्या मातीसाठी पोर स्वतःचं लिहिलेलं गिळायला निघाली."

बाई बोलायला उठल्या, त्यांना खाली बसवलं. घमेलीवाल्या पोरांनी आरडाओरडा केला, तर त्यांना बाहेर काढलं. झालं, सही-शिक्का उमटला.

परवा मुरुमाच्या गाड्या आल्या. यंदाची निम्मी माती अजून आतच होती. आम्ही बापलेक काठावर उभे होतो. ती म्हणाली, "बाबा, मेलं न लिहिता झोपलंय लिहिलं असतं तर?"

काय सांगू, कपाळ? तरीही बुजवलंच असतं म्हणावं, तर पोर पुन्हा कागदाला हात लावायची नाही. वाचलं असतं म्हणावं, तर जन्मभर पाप तिच्या माथी. मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढची गाडी मागे मागे येत होती, तिला वाट द्यायला आम्ही बाजूला सरलो.