जपान न पाहिलेला जपानी डवरा

मित्रांनो, मी पिकाच्या ओळींमधले गवत काढणारा एक जुना हातडवरा आहे. पुढे होडीच्या आकाराचा पत्रा, मागे दातेरी लोखंडी दोन चाके आणि वर लांब लाकडी दांडा, एवढाच माझा देह. सगळे मला जपानी म्हणतात. माझा जन्म मात्र नागपुरातल्या एका लोहारखान्यात झाला. जपानहून आलेला एक नमुना मिस्त्रीने समोर ठेवला आणि तो पाहून आम्हा भावंडांना घडवले. त्यामुळे मी नेमका कुठला, हे मला अजून कळलेले नाही.

१९५५ च्या उन्हाळ्यात मला आर्वीच्या शेतकी प्रदर्शनात ठेवले. मंडपात देशोदेशींच्या शेतीची चित्रे टांगली होती. एका चित्रात डोंगर पायऱ्यांसारखे कापून त्यावर भात लावला होता. दुसऱ्यात नजर पोहोचेल तिथपर्यंत गहू होता आणि एक अवाढव्य यंत्र तो कापत होते. बैल कुठेच दिसत नव्हते. कुठे रान जाळून राखेत बी पेरत होते, कुठे माणसे मेंढ्या घेऊन गवताच्या शोधात फिरत होती. एका देशात तर लोक तळ्यात मासेच वाढवत होते. यांतली खरी शेती कोणती? मी पुरता गोंधळून गेलो.

प्रदर्शन संपल्यावर ग्रामसेवक प्रभाकरराव मला हिंगणीला घेऊन आले. पाहतो तर गावात कापूस आणि ज्वारी! मी भाताच्या चिखलात चालणारा, आणि इथे भाताचे एक रोप नव्हते. तरी बंडूजी नावाच्या शेतकऱ्याने मला कपाशीत घालून पाहिले. काळी माती माझ्या दात्यांत घट्ट बसली. चाके फिरेनात.

"साहेब, हा डवरा होय का पोराचा पांगुळगाडा?" बंडूजी म्हणाले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी माणसे हसली.

"भातासाठी आहे म्हणतात," प्रभाकरराव डोके खाजवत म्हणाले. "पण इथे भात लावायचा कुठे, ते काही मला सुचत नाही."

मग वर्षभर चावडीचा कोपरा हेच माझे घर झाले. कोंबड्या माझ्या दांड्यावर बसू लागल्या. माझी चूक काय झाली, तेच मला समजेना.

त्याच गावात चिंधू आणि धुरपता हे नवराबायको राहत. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेल्या या जोडप्याला भूदानात नाल्याकाठचा एक तुकडा मिळाला होता. पण पावसाळाभर तिथे पाणी साचून राही. कपाशीची मुळे सडत, ज्वारी पिवळी पडे. दोन वर्षे काहीच हाती लागले नाही. जमीनवाटपाचे काम पाहणारे नानाजी एक दिवस चिंधूला म्हणाले, "यंदा पीक नाई दिसलं, तं जमीन दुसऱ्याले द्यावी लागन. माह्या एकट्याच्या हातात नाई रे बाबा."

दुसऱ्या दिवशी धुरपता चावडीवर आली. "साहेब, पाणी हटूनच नाई राह्यलं, तं तिथं धान लावू का? माह्या माहेरी, भंडाऱ्याकडं, धानच तं लावतेत."

धान म्हणजे भातच! प्रभाकरराव एकदम उठले आणि मला कोपऱ्यातून बाहेर ओढले. इतक्या दिवसांनी ऊन अंगावर पडले तेव्हा मला वाटले, आपल्याला मोडीतच काढायला नेत आहेत!

रोवणीच्या वेळी प्रभाकररावांनी शेतात दोरी ताणली. धुरपताला नवल वाटले. "आमच्याकडं दोरी नाई धरत, साहेब."

"पण ओळ नसली तर हा डवरा जाईल कुठून?"

"हे बी खरं हाय," ती म्हणाली आणि दोरीलगत रोपे लावत गेली.

चिंधूचा मात्र विश्वास बसत नव्हता. "आपण जवारीचे लोकं. असं पाण्यात पीक येते का?"

काही दिवसांनी त्याने मला ओळींमधून ढकलले. होडी चिखलावरून सरकली, चाके फिरली, गवत उपटून चिखलात गाडले गेले. चिंधू थबकला. "आ बाप! हे तं चालते!" मित्रांनो, मलाही तेव्हाच समजले की मी चालतो.

भाद्रपदात नानाजी पाहणीला आले. धुऱ्यावर उभे राहून त्यांनी मान हलवली. "चिंधू, अरे सारं गवतच वाढवलं तू!"

चिंधूचा चेहरा उतरला. त्यालाही आतून तीच शंका होती. तो बायकोकडे पाहू लागला. धुरपता गुडघाभर चिखलात उभी होती.

"नानाजी, गवत असं सरळ ओळीत उगवते का?"

नानाजींनी पुन्हा पाहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळी गेल्या होत्या, आणि मधल्या मोकळ्या पाण्यात माझ्या दात्यांच्या खुणा होत्या. त्यांनी वाकून एक रोप हातात धरून पाहिले. शेवटी म्हणाले, "मले यातलं समजत नाई बाई. दिवाळीपर्यंत थांबतो."

दसऱ्याला चिंधू आणि धुरपता नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, तोवर लोंब्या भरून वाकल्या होत्या. दिवाळीला नानाजी चार पंच घेऊन आले. त्यांनी एक लोंबी तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि पांढरा दाणा सगळ्यांना दाखवला. "जमीन चिंधू-धुरपताचीच राहीन," ते म्हणाले. धुरपता धुऱ्यावरच बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. आनंदाच्या वेळी माणसे का रडतात, हे कोडे मला तेव्हा पडले.

घरच्या तांदळाचा पहिला भात चिंधूने हळूहळू खाल्ला. "चांगला हाय. पण पोट भरलं का नाई, तेच समजत नाई. एक भाकर दे बरं." धुरपता हसत हसत तव्याकडे वळली.

आता मी म्हातारा झालो आहे. एका दात्याची धार गेली आहे, दांड्याला चीर पडली आहे. जगातली खरी शेती कोणती, याचे उत्तर मला मिळाले नाही. नाल्याकाठी एक आणि वरच्या काळ्या रानात दुसरी, एवढेच मी पाहिले. म्हणून मित्रांनो, एखादे अवजार किंवा जमिनीचा तुकडा निकामी ठरवण्याची घाई करू नका. आणि एक विनंती. पाण्याशिवाय मी चालत नाही, आणि पाण्यानेच मी गंजतो. असे का, मला ठाऊक नाही. तुम्ही फक्त काम झाल्यावर मला कोरड्या फडक्याने पुसून ठेवा.